दागिन्याचा अर्थ कुणाच्या हातात?

(परभणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘प्रेमाची भेट आणि दागिना’ असा. फेब्रुवारी सुरू आहे, १४ तारीख तोंडावर आलीय आणि आपल्या गावातल्या सराफांच्या काचेमागेही बदामाच्या आकाराची पदकं लटकायला लागली आहेत. जाहिरातींमध्ये एक शब्द हमखास असतो, ‘अर्थपूर्ण भेट’. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा शब्द सापडला की तो सोडत नाही.

मराठीत ‘अर्थ’ या शब्दाचे दोन अर्थ. एक, शब्दाचा असतो तो. दुसरा, पुरुषार्थांतला; म्हणजे धन, संपत्ती. सोन्याच्या दागिन्यात हे दोन्ही एका जागी येतात, म्हणून त्याची चिकित्सा करायला मजा आहे आणि अडचणही आहे. आपण पहिल्या अर्थाबद्दल भरभरून बोलतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतो. माझं आजचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या अर्थाचा निकाल लागल्याशिवाय पहिला खरा होत नाही. दागिन्यावर बदाम कोरलाय की मोर, याने तो अर्थपूर्ण होत नाही. दिल्यानंतर तो कुणाचा झाला, यावर ते ठरतं.

सुरुवात जरा लांबून करतो, आयर्लंडपासून. कारण दोन आहेत. एक म्हणजे ज्या संत व्हॅलेंटाइनच्या नावानं हा दिवस आहे, त्यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष डब्लिनमधल्या व्हाइटफ्रायर स्ट्रीटच्या कार्मेलाइट चर्चमध्ये आहेत. पोप सोळावे ग्रेगरी यांनी ते १८३५ साली फादर जॉन स्प्रॅट या आयरिश धर्मगुरूंना भेट दिले आणि १८३६ मध्ये ते डब्लिनला पोचले. आजही १४ फेब्रुवारीला जोडपी तिथे जातात, अंगठ्यांना आशीर्वाद घेतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ‘अर्थपूर्ण दागिना’ म्हणून जगभर जी वस्तू विकली जाते, त्यात आयर्लंडची क्लॅडा अंगठी फार वरच्या जागी आहे.

ही अंगठी कशी असते? दोन हात, त्यांनी धरलेलं हृदय, हृदयावर मुकुट. हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. क्लॅडा हे गॉलवे शहराच्या तटाबाहेरचं कोळ्यांचं गाव. भाषा आयरिश, चालीरीती वेगळ्या, आपला एक म्होरक्या निवडायचे आणि त्याला राजा म्हणायचे. गाव गरीब आणि अंगठी सोन्याची, हे लक्षात ठेवा. आई ती लेकीला द्यायची आणि लेक पुढे तिच्या लेकीला.

हिच्यामागे एक कथाही आहे. रिचर्ड जॉइस नावाचा गॉलवेचा तरुण समुद्रात चाच्यांच्या हाती सापडला, उत्तर आफ्रिकेत गुलाम म्हणून विकला गेला, तिथं सोनारकाम शिकला आणि १६८९ च्या सुमारास सुटून परत आला. त्यानं ही अंगठी घडवली, असं म्हणतात. वाट पाहणारी प्रेयसी कथेत असतेच. आता, एकमेकांत गुंफलेल्या हातांच्या अंगठ्या युरोपात रोमन काळापासून आहेत. तेव्हा कल्पना जॉइसच्या आधीची. पण लोकांना कल्पनेचा इतिहास नको असतो, माणसाची गोष्ट हवी असते. त्यात वावगं काही नाही.

ही अंगठी घालायचीही एक भाषा आहे. उजव्या हातात, हृदयाचं टोक बाहेर बोटाच्या दिशेनं असेल तर माणूस मोकळा आहे. टोक आत मनगटाकडे वळलं, तर मन गुंतलंय. डाव्या हातात आली की साखरपुडा, नाहीतर लग्न. तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? आपल्याकडे नव्या नवरीचं मंगळसूत्र उलटं घालतात, ते पुढे सुलटं करतात. वाट्या उलट्या दिसल्या की बाजारातल्या अनोळखी बाईलाही कळतं, पोर नवीन लग्नाची आहे. दोन वाट्यांतली एक माहेरची, एक सासरची. खूण म्हणून आपली योजना आयर्लंडपेक्षा तसूभरही कमी नाही.

पण इथे एक फरक आहे आणि तो साधा नाही. क्लॅडा अंगठी बाईही घालते आणि पुरुषही. आपल्याकडे खुणेचं सगळं काम बाईच्या अंगावर. मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा. पुरुषाकडे बघून तो लग्नाचा आहे की नाही, हे सांगता येत नाही. आणि ज्या दिवशी नवरा जातो त्या दिवशी तिच्या अंगावरची खूण दुसरे उतरवतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. पाठोपाठ राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हे उदाहरण घालून दिलं. मला या ठरावात एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दिसतो. जी वस्तू माझी आहे असं तुम्ही मला लग्नात सांगितलं, ती माझ्या गळ्यातून काढायचा अधिकार तुमच्याकडे कसा राहिला? राहिला असेल, तर ती मला दिलीच नव्हती. माझ्या गळ्यात ठेवली होती.

‘दिली’ आणि ‘ठेवली’. आजचं सगळं व्याख्यान या दोन क्रियापदांमधल्या अंतराचं आहे.

पुन्हा गॉलवेला जाऊ. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. जाताना अनेकांनी आपल्या क्लॅडा अंगठ्या गॉलवेत गहाण ठेवल्या. पुढची हकीकत जुन्या लिखाणात नोंदलेली आहे. अंगठ्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या, सोडवायला कुणी आलं नाही, शेवटी त्या जुनं सोनं म्हणून वितळवल्या गेल्या. आज दुकानातल्या चकचकीत अंगठीसोबत जे चिठोरं मिळतं, त्यात मैत्री, प्रेम, निष्ठा असते. मुशीतल्या अंगठ्यांची गोष्ट नसते. खरं तर त्या अंगठीचा सगळ्यात भरीव अर्थ तिथेच आहे.

मराठवाड्याच्या माणसाला ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी असलेली माणसं समोर बसलेली आहेत. मृग तोंडावर आला, बियाणं-खताला पैसा नाही, बँकेचं मागचं थकलेलं. मग घरातली पोत, गाठलं, डोरलं सराफाकडे किंवा सावकाराकडे जातं, हल्ली सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपनीकडे. चांगलं पिकलं तर दिवाळीला सुटतं. नाही पिकलं तर मोडतं. मराठी भाषेचा प्रामाणिकपणा बघा. घर आपण विकतो, जनावर विकतो, शेत विकतो. दागिना आपण ‘मोडतो’. सोनं तेवढंच राहतं, पैसेही येतात, तरी भाषा म्हणते की काहीतरी मोडलं. सराफ घट धरतो, मजुरी गेली म्हणतो. त्याच्या वजनकाट्यावर न येणारी एक घट असते, ती त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसते.

मग प्रश्न येतो, दागिना गहाण ठेवणं म्हणजे प्रेमाचा अपमान का? माझं उत्तर, नाही. कुणी ठेवला आणि कुणाला विचारून ठेवला, त्यावर आहे.

थोडं शास्त्रात शिरू, घाबरू नका, लवकर बाहेर येतो. आपल्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या फार कडक केलेली आहे. देणाऱ्याचं स्वत्व, म्हणजे मालकी, संपली पाहिजे आणि घेणाऱ्याची मालकी उत्पन्न झाली पाहिजे. दोन्ही घडलं तर दान. वस्तू हातातून हातात गेली, एवढ्यानं दान होत नाही. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तो म्हणतो, भेट कधीच फुकट नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत फेडावं लागतं. महाभारतातल्या दानधर्माची चर्चाही त्यानं त्यात केली आहे. दिवाळसणाला जावई अंगठीकडे कशा नजरेनं बघतो, हे आठवा, म्हणजे मोस समजून घ्यायला फ्रेंच शिकावं लागणार नाही. जी अंगठी दिली नाही तर सून टोमणे खाते, ती भेट नाही, ती वसुली आहे.

स्त्रीधनाबद्दल तर आपले स्मृतिकार आपल्यापेक्षा स्पष्ट आहेत. मनूनं स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, त्यांत एक प्रीतीनं दिलेलं धन आहे. म्हणजे प्रेमाची भेट ही कायद्याची एक वेगळी जात म्हणून आपल्याकडे फार पूर्वीच मोजली गेली. कात्यायनानं तर सांगितलं, की स्त्रीधनावर नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांची सत्ता नाही. जबरदस्तीनं घेतलं तर व्याजासकट परत करा. तिच्या संमतीनं घेतलं असेल, तर ऐपत आल्यावर मुद्दल परत करा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळं सविस्तर वाचायला मिळतं. आणि न्यायासाठी हेही सांगतो, की सगळे स्मृतिकार एका सुरात बोलत नाहीत. याज्ञवल्क्य दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि कैद अशा संकटांत नवऱ्यानं घेतलेलं स्त्रीधन परत करण्याची सक्ती करत नाही. म्हणजे आपल्या मृगातल्या पोतीचा वाद दीड-दोन हजार वर्षांचा जुना आहे.

आजचा कायदा कात्यायनाच्या बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सासरी नेलेलं स्त्रीधन म्हणजे नवरा-बायकोची सामाईक मिळकत नव्हे. ते बळकावणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं, की अडचणीत नवरा ते वापरू शकेल, पण परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याचीच. कायदा इतका स्वच्छ आहे. कपाटाची किल्ली मात्र बहुतेक घरांत सासूच्या कमरेला असते.

आता संमतीनं दिलेलं सोनं काय करतं, याची दोन मराठी उदाहरणं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांना जेवायला काही उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही काढून दिलं. दादासाहेब फाळक्यांना १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ करायचा होता, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने त्या कामी आले. एका घरातलं सोनं हजारो मुलांच्या शिक्षणात गेलं, दुसऱ्या घरातलं पडद्यावर गेलं. ते दागिने मोडले म्हणून त्यांचा अर्थ मोडला का? उलट वाढला. कारण एवढंच, की त्यांनी ते दिले. तेच दागिने कुणी झोपेत कपाटातून काढून नेले असते, तर शाळा तीच झाली असती, सिनेमाही तोच झाला असता, पण त्याला आपण दुसरं नाव दिलं असतं. म्हणून माझी विनंती आहे, की ‘त्याग’ हा शब्द सांभाळून वापरा. जिला ‘नाही’ म्हणायची सोय आहे, तिच्याच ‘हो’ला त्याग म्हणता येतं.

इथे मला साहित्याकडे यायचंय, कारण हे सगळं कालिदासाला ठाऊक होतं. प्रेमाची भेट म्हणून दिलेला आपल्या परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध दागिना कोणता? दुष्यंताची अंगठी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून तर ती मराठी माणसाच्या घरचीच झाली.

महाभारतातल्या मूळ कथेत अंगठीच नाही. तिथली शकुंतला भर दरबारात राजाला सत्य म्हणजे काय ते सुनावते, स्वतःच्या शब्दावर उभी राहते, आणि आकाशवाणी तिचा शब्द खरा करते. कालिदासानं दुर्वासाचा शाप आणला आणि अंगठी आणली. राजा अंगठी देताना सांगतो, यावर माझं नाव आहे, रोज एक अक्षर मोज, नाव संपायच्या आत तुला न्यायला माणूस येईल. किती गोड कल्पना! आजच्या जाहिरातवाल्याला सुचली असती तर त्यानं तीवर करोडो मिळवले असते. पण पुढे काय होतं? अंगठी पाण्यात पडते आणि दरबारात त्या बाईच्या शब्दाला कवडीची किंमत उरत नाही. तिच्या पोटात मूल आहे, तरी तिला विचारतात, पुरावा कुठाय? दागिना आठवणीसाठी दिला होता, तो पुरावा होऊन बसला.

अंगठी सापडते ती एका कोळ्याला, माशाच्या पोटात. आणि शिपाई पहिल्यांदा काय करतात? त्याला चोर म्हणून बडवतात. गरीबाच्या हातात सोनं दिसलं की चोरी, हे समीकरण कालिदासानं हसत हसत नोंदवलंय. क्लॅडाच्या कोळ्यांच्या हातातल्या अंगठ्या मला इथे आठवतात.

सातव्या अंकात सगळं मिटतं, राजा ओळखतो, पश्चात्ताप करतो आणि तीच अंगठी तिच्या बोटात घालायला पुढे करतो. तेव्हा शकुंतला म्हणते, हिच्यावर माझा विश्वास नाही, तुम्हीच घाला. नाटकात हे वाक्य क्षणात येतं आणि जातं. प्रेक्षक तोवर रुमाल शोधत असतात. पण माझ्या मते सबंध नाटकातली सगळ्यात शहाणी ओळ ती आहे. ती माणसाला नाकारत नाही, वस्तूला नाकारते. माझ्यावरचा विश्वास तुम्ही एका धातूच्या कड्यावर टांगला होता, आता ते ओझं तुम्ही वागवा. कालिदासानं शकुंतलेचा आवाज महाभारतापेक्षा मवाळ केला, हा आक्षेप मला मान्य आहे. पण हे एक वाक्य लिहून त्यानं त्याची बरीच भरपाई केली, असंही मला वाटतं.

आणि शेवटी आपल्या जिल्ह्यात येऊ. गंगाखेडला. जनाबाईंची आख्यायिका कीर्तनातून तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. विठ्ठल जनीकडे येतो, तिच्यासोबत दळतो, आणि पहाटे घाईघाईत निघताना आपलं रत्नजडित पदक तिच्याकडे विसरतो, तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी पुजाऱ्यांना देवाच्या गळ्यात पदक दिसत नाही. ते जनीच्या घरी सापडतं. दासी आणि पदक! विचारायचं काय त्यात? चोरीच. सुळाची शिक्षा होते, आणि सुळाचं पाणी होतं.

चमत्कार बाजूला ठेवा, व्यवहार बघा. यात देवाणघेवाण झालेली आहे. पदक इकडे आलं, वाकळ तिकडे गेली. देवाच्या अंगावरची फाटकी वाकळ कुणी पुरावा म्हणून धरली नाही. जनीजवळचं पदक मात्र लगेच पुरावा झालं. तिचा शब्द पुरला नाही. शकुंतलेजवळ अंगठी नव्हती म्हणून ती खोटी, जनीजवळ पदक होतं म्हणून ती चोर. दागिना असला तरी पंचाईत, नसला तरी पंचाईत. मग बिघाड दागिन्यात आहे की बाईचा शब्द न मानणाऱ्या दरबारात? मला वाटतं, गंगाखेडच्या या गोष्टीनं प्रेमाच्या भेटीची जी चिकित्सा केली आहे, ती कुठल्याही विद्यापीठात झालेली नाही.

तेव्हा १४ फेब्रुवारी असो की दिवाळीचा पाडवा, हरकत कशालाच नाही. पाडव्याला बायको ओवाळते, नवरा ताटात काहीतरी घालतो, ही सुंदर रीत आहे. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त नवरा-बायकोच्या वाट्याला आला, याचा मला आनंदच आहे. फक्त ताटात घातलेलं पुन्हा आपल्याच कपाटात आपल्याच नावानं जाऊ देऊ नका. दागिना दिल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. तिला तो अंगावर न घालण्याची मोकळीक आहे का? तो कुठे ठेवायचा, हे ती ठरवते का? आणि मोडायची वेळ आली, तर शेवटचा शब्द तिचा असेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर एक ग्रॅमची फुलीसुद्धा अर्थपूर्ण आहे. नसतील तर दहा तोळ्यांचा हारही ठेव आहे, तीही आपलीच.

प्रश्नोत्तरे

श्रोत्यांतून एका तरुणाचा प्रश्न: सर, सोन्याचा भाव आमच्या आवाक्यात राहिला नाही. मग आम्ही काय द्यायचं?

दसऱ्याला आपण काय देतो? आपट्याचं पान देतो आणि त्याला सोनं म्हणतो. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.’ घेणारा हसून खिशात ठेवतो. ते मोडता येत नाही, गहाण पडत नाही, कुणी चोर ठरत नाही. पण खरं सांगू, पानावरच थांबू नका. सोनं बाईच्या अडीअडचणीला येतं, ती ताकद पानात नाही. सोनं परवडत नसेल तर तिच्या नावावर पोस्टात खातं उघडून दर महिन्याला थोडं टाका आणि पासबुक तिच्या हातात द्या. सात-बारावर तिचं नाव लावता आलं तर त्याहून उत्तम. त्याला बदामाचा आकार नसतो, पण प्रीतिदत्त म्हणतात ते तेच.

एका भगिनींचा प्रश्न: बाईनं पुरुषाला दागिना द्यावा का?

अवश्य. आणि त्यानं तो घालावा. खुणेचं निम्मं ओझं त्याच्याही बोटावर येऊ द्या. आयर्लंडकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.